झाडीपट्टीच्या नाटकात पडद्यामागं लागताय? आधी हे वाचा

धान कापून बांधीत (धानाच्या शेतात) कडपा पडल्या की वडशात, म्हणजे नाट्यमंडळांचं ठाणं असलेल्या देसाईगंजात, पोस्टरं झळकायला लागतात. भाऊबीजेच्या मंडईपासून (गावच्या जत्रेपासून) होळीपर्यंत भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांत रात्रीमागून रात्री नाटकं होतात. पोस्टरवर नटांचे फोटो असतात. गायकाचं, ऑर्गनवाल्याचं, लावणीवालीचंही नाव असतं. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा झाडीपट्टीचा नट दिल्लीपर्यंत पोचला. पडदा ओढणाऱ्याचं नाव मात्र पोस्टरवर येत नाही, फार तर साउंड सर्विसचं येतं. आम्ही त्या न छापलेल्या नावांतले. यंदा पहिल्यांदा आमच्यात येऊन मिसळणाऱ्या पोरापोरींसाठी हे लिहितोय.

वायर जोडायला, सीन बांधायला उस्ताद शिकवतीलच. पण पहिल्याच आठवड्यात तुमची जी चेष्टा होणार आहे, तिच्याबद्दल कोणी आधी सांगणार नाही. सांगितलं तर मजा काय राहिली? मी थोडं सांगतो, सगळं नाही.

पायरी १: कोणाच्या हाताखाली लागायचं ते ठरवा

बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, नाटक म्हणजे एक कंपनी. तसं नसतं. कलाकार नाट्यमंडळाचे, साउंड एकाचा, सिनसिनेरी नि डेकोरेशन दुसऱ्याचं, लाइट कधी साउंडवाल्याचेच तर कधी तिसऱ्याचे. गावातलं मंडळ वडशाला येऊन प्रयोग ठरवतं आणि एका संध्याकाळी हे सगळे वेगवेगळ्या गाड्यांनी गावात उतरतात. त्यामुळं आपला मालक कोण आणि आपला उस्ताद कोण, हे आधी स्पष्ट करून घ्या. रोजी प्रयोगाला किती, जेवण मंडळाकडे की मालकाकडे, सकाळी घरी परतायचं कशानं, सामान फुटलं तर भरपाई कोणाच्या माथी, हे चार प्रश्न विचारायला लाजू नका. लाजणाऱ्याचा हिशेब होळीनंतरच्या उन्हाळ्यात जातो.

साउंडवाल्याकडे लागलात तर कान तयार होईल, झोप जाईल. सीनवाल्याकडे लागलात तर खांदे तयार होतील. माझं मत विचाराल तर पहिला हंगाम सीनवाल्याकडेच काढावा. गाठी बांधता येत नाहीत त्याला पुढं लाइट टांगता येत नाही.

पायरी २: थैली भरा

टॉर्च, टेस्टर, पक्कड, काळी टेप, सुतळीचा गुंडा, चाकू. अंगात काळा किंवा गडद शर्ट, कारण पांढऱ्या बनियानातला माणूस सीन बदलताना शेवटच्या रांगेतूनही दिसतो आणि प्रेक्षक त्याला नावानं हाक मारतात. कानटोपी नि स्वेटर लागेलच; डिसेंबर-जानेवारीत पहाटे तीनला बांधीतलं दव अंगावर पडतं तेव्हा कळतं. रबरी तळव्याचे बूट हवेतच. बुटांचं पुढं येईल.

खर्रा (घोटलेली तंबाखू-सुपारी) घ्यायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. एवढं सांगतो, नवा पोट्टा म्हटला की त्याला पहिलं काम पानठेल्यावर जाऊन सगळ्यांचे खर्रे घोटून आणायचं मिळतं. पैसे आधी घ्या. "नंतर देतो" हीच तुमच्यावरची पहिली चेष्टा.

पायरी ३: नारळाआधीचं काम, नारळानंतरचं काम

दुपार कलायला लागली की गाडी गावात पोचते. बऱ्याच गावांत प्रेक्षकांची जागा खोदून उतरती केलेली असते, म्हणजे मागच्यालाही दिसतं. वर मंडप, समोर स्टेज, स्टेजच्या पायथ्याशी वादकांची जागा. तुम्ही स्टेजवर पहिलं पाऊल ठेवण्याआधी फळीला हात लावून तो कपाळाला लावा. कोणी सांगेल म्हणून वाट पाहू नका. जुना माणूस बोलत नाही, पण पाहतो.

चपलांचा प्रश्न इथंच येतो. रीत अशी की रंगदेवतेच्या जागेवर पादत्राणं घालून जायचं नाही. आणि वीज असं सांगते की ओल्या मातीत अनवाणी उभं राहून वायरीला हात लावायचा नाही. दोन्ही खरं आहे. आमच्याकडे यावर तोडगा असा निघालाय: पूजा होईपर्यंत बांधाबांधीचं सगळं काम बूट घालून करायचं. पूजा झाली की फळ्यांवर अनवाणी. पण डिस्ट्रिब्यूशन बोर्ड, डिमर (लाइट कमी-जास्त करायची पेटी) आणि जनरेटर यांच्याजवळ मात्र पूजेआधी नाही, नंतर नाही, कधीच अनवाणी जायचं नाही. बोर्डाशेजारी कोरडी फळी टाकून तिच्यावर उभं राहायचं. कोणी तुम्हाला "देवापेक्षा मोठा झाला का गा?" म्हणून टोमणा मारला तर हसा आणि बूट घालूनच जा.

पूजेत नटराजाची मूर्ती किंवा फोटो, नारळ, हार, उदबत्ती. आपल्या बाजूची पूजा वेगळी असते. साउंडवाला मिक्सरला कुंकू लावतो, लाइटवाला डिमरला. हे कुंकू पेटीच्या बाहेरच्या पत्र्याला लावायचं, बटणांच्या पट्टीला नाही. उदबत्ती मिक्सरच्या फटीत खोचलेली दिसली तर मुकाट्यानं उचलून केळीच्या तुकड्यात खोचा. राख फेडरमध्ये (सरकत्या बटणांत) गेली की रात्री बाराच्या सुमारास, नेमकी नाटकातली आई मरताना, स्पीकर खरखर करतो. नारळ बोर्डापासून दहा हात लांब फोडायचा. पाणी वायरीवर उडालं तर प्रसाद सगळ्यांनाच मिळेल.

एक खबरदारी: आपला नारळ वेगळा नि मंडळाच्या उद्घाटनाचा नारळ वेगळा. उद्घाटनाला पुढारी येतात, हार होतात, भाषणं होतात. पोस्टरवर नऊची वेळ असली तरी पडदा दहा-अकराच्या आत सरकत नाही. हा वेळ आपल्यासाठी सोन्याचा. जेवून घ्या. मंडळ कोणाच्या तरी घरी पंगत बसवतं, भात, वरण, वांग्याची भाजी, नशीब असेल तर लाखोरीची डाळ नाहीतर मासोळी. जेवायला उशिरा गेलात तर भात नि पाणी.

पायरी ४: पहिल्या आठवड्यातल्या चेष्टा

शंकरपटाच्या (बैलांच्या शर्यतीच्या) दिवशी एकाच गावात दोन-तीन नाटकं लागतात. २०१४ च्या बंदीत पट थांबले होते. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं परवानगी दिली, मे २०२३ मध्ये कायदाही कायम ठेवला आणि पटाच्या गावांतली ती गर्दी परत आली. हा इतिहास सांगायचं कारण एवढंच की शेजारी दुसरा मंडप असला की नव्या माणसाची खैर नसते. दोन मंडपांतले साउंडवाले एकमेकांचे गिऱ्हाईक पळवतील, पण नव्या पोराच्या बाबतीत त्यांचं सख्ख्या भावासारखं जमतं.

ते असं चालतं. माइक टेस्टिंग सुरू असतं. उस्ताद कपाळाला आठी घालून म्हणतो, "आपला एको संपला. जा गा, त्या मंडपातून पावभर आन. मनावं, भाऊनं पाठवलं." पोरगा धावत जातो. तिकडचा माणूस जराही हसत नाही. "पावभर सुटा नाई देत. डबा आनला का?" पोरगा परत येतो, जेवणाचा डबा रिकामा करून पुन्हा जातो. तिकडे डब्यात गिट्टी भरून झाकण टेपनं पक्कं करतात. "हलवू नको, सांडंल. अन् झाकन उघडलं का उडून जाते." पोरगा डबा दोन्ही हातांत धरून, गर्दीतून वाट काढत, पावलं मोजत येतो. इकडे तोवर ऑर्गनवाला, मेकअपवाला, मंडळाचे दोन पदाधिकारी, सगळे स्टेजपुढं येऊन बसलेले असतात.

एको म्हणजे मिक्सरवरचं एक बटण, आवाज घुमवणारं. ते ज्याला माहीत नाही त्याला ते त्या रात्रीनंतर जन्मात विसरता येत नाही. आमच्याकडच्या बऱ्याच चेष्टा अशा आहेत. सामानातली कोणती गोष्ट वस्तू आहे आणि कोणती नुसती सेटिंग आहे, हे त्यातून कळतं. इंग्लंड-अमेरिकेतल्या थिएटरांतही नव्या पोराला डावखुऱ्या माणसाचा स्क्रू ड्रायव्हर नाहीतर पट्ट्यापट्ट्यांचा रंग आणायला पिटाळतात. आमच्याकडे पडद्याची चावी, रिकाम्या फेजचं झाकण, निळ्या लाइटची बाटली. माल वेगळा, दुकान तेच.

विंगेची चेष्टा याहून जुनी. सीन उभा होत असतो आणि तुम्हाला सांगतात, "हा विंग धरून राय. सोडला का अख्खा महाल पडते." तुम्ही दोन्ही हातांनी धरून उभे. बाकीचे एकेक करून जेवायला निघून जातात. विंग मागून कधीचा बांधलेला असतो. यातून सुटायचा मार्ग सोपा आहे: नुसतं वर पाहा. गाठ कुठं आहे, दोरी ताणलेली आहे का, खुंट किती खोल गेलाय, हे पाहायची सवय एकदा लागली की कोणी तुम्हाला विंगेला लटकवू शकत नाही. आणि जेव्हा खरंच गाठ सुटलेली असेल तेव्हा ती सगळ्यांत आधी तुम्हालाच दिसेल.

माइकची चेष्टा जरा तिखट असते. "बंद आहे, बोलून पाहा" असं म्हणून टांगलेल्या माइकखाली उभं करतात. माइक चालू असतो आणि भोंगा बाजारचौकाकडे तोंड करून. झाडीपट्टीत माइक स्टेजवर वरून टांगलेले असतात, नट त्यांच्याखाली येऊन बोलतो, त्यामुळं तुम्ही स्टेजवर कुठंही उभे राहिलात तरी कुठल्या ना कुठल्या माइकच्या टप्प्यात असता. कोणाला शिवी दिलीत, सरपंचाच्या पंगतीतल्या डाळीला नावं ठेवलीत, तर ती गावाच्या शेवटच्या घरापर्यंत जाते. म्हणून स्टेजवरचा प्रत्येक माइक चालूच आहे असं धरून चाला. माझ्या मते ही चेष्टा करायची असेल तर पोराला आधी काय बोलायचं ते सांगून करावी. "हॅलो हॅलो, माझं लग्न ठरलं" एवढं गावाला ऐकू गेलं तरी पुरेसं हसायला मिळतं. गावाशी भांडण लागलं तर मार सगळ्या टीमला बसतो.

फसल्यावर काय करायचं? चिडायचं नाही, हे तर आलंच. पण नुसतं हसून गप्प बसलात तर पुढच्या गावात पुन्हा तेच. उत्तर द्यायचं असतं, आणि तेही चेहरा न हलवता. एको आणायला पाठवलेला पोरगा शेजारच्या मंडपात गेला, तिथं बसून निवांत चहा प्यायला आणि परत येऊन म्हणाला, "एको देला त्यायनं, पन जुनी उधारी बाकी हाय मनतात, चहाचे पैसे तुमच्या नावावर लिवले." अशा पोराला दुसऱ्या रात्री मिक्सरशेजारी बसवतात.

पायरी ५: शकुन-अपशकुन, आणि त्यांमागचं काम

जुनी माणसं काही गोष्टी करू देत नाहीत. विचारलं तर "अपशकुन" म्हणतात. बहुतेकांमागं कामाचं कारण असतं.

स्टेजमागं शिट्टी वाजवायची नाही. युरोपातल्या जुन्या थिएटरांत पडद्यांचे दोर ओढायला खलाशी असत आणि ते शिट्टीच्या इशाऱ्यावर काम करत, म्हणून भलत्या वेळी वाजलेल्या शिट्टीनं सीन डोक्यावर येण्याची भीती होती, असं सांगतात. आपल्याकडे लावणीला पुढून एवढ्या शिट्ट्या पडतात की इशारा म्हणून शिट्टीचा काही उपयोगच नाही. आपला इशारा टॉर्चचा. पडद्याला एक उघडझाप, लाइटला दोन, असं काहीतरी दर टीमचं ठरलेलं असतं. ते पहिल्या दिवशीच विचारून घ्या आणि विनाकारण टॉर्च मारत फिरू नका. विंगेत बसून मोबाइलवर बॅटरी लावणारा पोरगा नको त्या वेळी पडदा पाडतो.

सीनमध्ये खरा आरसा असेल तर त्यावर ओला साबण फिरवतात. लोक म्हणतात नजर लागू नये म्हणून. खरं तर हॅलोजनचा झोत आरशावरून पहिल्या रांगेच्या डोळ्यांत जातो.

खेळ संपल्यावर सामान बांधेपर्यंत स्टेजवर एक बल्ब जळता ठेवतात. परदेशात यालाच भुतांचा दिवा म्हणतात. आमच्या भुतांना अंधारात खिळ्याची फळी दिसावी आणि केबलचं भेंडोळं कोणी उचलून नेऊ नये, एवढ्यासाठी तो.

दुसऱ्याच्या प्रॉपर्टीला हात लावायचा नाही. टेबलावर फोन, पिस्तूल, पत्र, बाटली, मंगळसूत्र ज्या क्रमानं मांडलंय तसंच राहिलं पाहिजे. नट अंधारात येऊन न पाहता उचलतो. याला अपशकुनाची जोड कोणी दिलेली नाही, गरजही पडत नाही. हात लावणाऱ्याला मिळणाऱ्या शिव्या पुरतात.

पायरी ६: तिसरी घंटा

पहिल्या घंटेपर्यंत चेष्टा चालते. दुसरीला आवरती घेतात. तिसरीनंतर कोणी कोणाची चेष्टा करत नाही. हा नियम लिहिलेला नाही, पण मोडणाऱ्याला गाडीत जागा मिळत नाही.

कारण तिसऱ्या घंटेपासून पहाटेपर्यंत पडद्यामागं अंधार, वर वजन नि खाली वीज असते. थोडा हिशेब तोंडपाठ असू द्या. एक हजार वॅटचा हॅलोजन २३० व्होल्टवर सव्वाचार अँपिअरच्या वर ओढतो. असे दहा लावले तर त्रेचाळीस-चव्वेचाळीस अँपिअर झाले. कोणाच्या घरच्या मीटरवरून हे ओढायचं म्हटलं तर त्याच्या घराची वायर तापते. म्हणून मंडळानं तात्पुरतं कनेक्शन घ्यायचं असतं किंवा जनरेटर लावायचा असतो. तारेवर आकडा टाकायला कोणी सांगितलं तर तो माणूस कितीही मोठा असो, हात जोडून नाही म्हणा. आता एलईडीचे पार लाइट आल्यामुळं भार बराच उतरलाय, एक पार अँपिअरच्या आतच चालतो, पण जुन्या हॅलोजनचा पिवळा उजेड चेहऱ्यावर जसा बसतो तसा एलईडीचा बसत नाही, हे माझं हट्टाचं मत.

थ्री फेज असेल तर भार तिन्हींवर वाटा आणि साउंडला डिमरच्या फेजवर ठेवू नका, नाहीतर स्पीकरमधून रात्रभर "हम्म्म" येत राहतो. एक्स्टेन्शनचं रीळ पूर्ण उलगडा. गुंडाळलेल्या रिळावर भार दिला की ते आतून वितळतं. केबल बांधीतल्या ओल्या मातीवर टाकू नका, काठ्यांच्या खुंटांवर उचलून घ्या. संध्याकाळी कोरडी दिसणारी जमीन दवानं पहाटे चिंब असते. अर्थिंगचा रॉड ओल्या जागी ठोकून त्यावर मिठाचं पाणी ओता. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) बोर्डात असेल तर उत्तम. नसेल तर मालकाच्या मागं लागा, पाय धरा, काहीही करा. ती सारखी पडते म्हणून तिला वायर मारून बायपास करणारा उस्ताद भेटला तर उस्ताद बदला.

आणि विजेवरून चेष्टा नाही. "करंट सांडून रायला, बादली लाव" म्हणून पोराला बोर्डाखाली बसवण्याचा एक जुना प्रकार आहे. मला तो कधीच आवडला नाही. ज्याला विजेतलं काही कळत नाही त्यालाच आपण बोर्डाजवळ नेतोय, यात हसण्यासारखं काय?

गोळीबाराचा प्रसंग असेल तर विंगेत फटाका किंवा टिकल्या फोडतात. मंडपाच्या आजूबाजूला तणसाचे (धानाच्या वाळल्या पेंढ्याचे) ढीग असतात, लोक तणसावरच बसलेले असतात. रेतीची बादली आणि पाण्याची बादली तुमच्या हाताशी हवी, पलीकडच्या विंगेत नको. मेघगर्जनेसाठी पत्र्याची शीट हलवणं, पावसासाठी सुपात धान फिरवणं, घोड्यासाठी करवंट्या, हे आता पेनड्राइव्हवर आलंय. तरी एखादा पत्रा गाडीत असू द्या. पेनड्राइव्ह ऐन वादळात रुसतो, पत्रा रुसत नाही.

पायरी ७: कोणाच्या वाटेला जायचं नाही

प्रॉम्प्टर. झाडीपट्टीत नट आज एक नाटक, उद्या दुसरं, परवा तिसरं करतो. तालमीला वेळ कमी मिळतो. विंगेतून येणाऱ्या आवाजावर अख्खं नाटक चालतं. त्याची वही लपवणं, पान दुमडणं, चष्मा सरकवणं, यातलं काहीही चेष्टेत मोजलं जात नाही. त्याच्या टॉर्चचे सेल तुम्ही बदलून ठेवलेत तर तो तुम्हाला सकाळचा चहा पाजेल.

महिला कलाकार. त्या गावोगाव परक्या लोकांत रात्र काढतात. त्यांच्या कपडे बदलायच्या खोलीकडे लाइटची वायर ओढायची असेल तर आधी आवाज द्या, "ताई, वायर टाकायची आहे," आणि त्या हो म्हणेपर्यंत बाहेर थांबा. तिथं मोबाइल खिशातून काढायचा नाही. वाईट बोलणारा प्रेक्षक पडद्यामागं घुसला तर त्याला बाहेर काढणं हे आपलंही काम आहे, एकट्यानं नाही, मंडळाच्या माणसाला सोबत घेऊन.

आणि जंगल. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, नागभीड, आरमोरी या पट्ट्यात वाघ गावाच्या शिवेपर्यंत येतो, अस्वलं येतात. कोणालाही चेष्टेत तलावाकडे, बांधीच्या पलीकडे, "तिकडे जनरेटरचा दुसरा बोर्ड आहे, पाहून ये" म्हणून उजेडाबाहेर पाठवायचं नाही. तुम्हाला कोणी पाठवलंच तर सरळ सांगा, "सोबत चला, मग जाऊ." इथं भित्रा म्हटलेलं चालतं. लघवीलाही दोघं मिळून जा.

पायरी ८: रात्री दोननंतर

दोन अंक होऊन गेले की अंगात थंडी शिरते. पुढं प्रेक्षक चादरी ओढून बसलेले, मागं आपण. झोपेची पाळी लावा: एकानं तणसावर आडवं व्हायचं, दुसऱ्यानं बोर्ड पाहायचा. झोपणारा तो अंक संपेपर्यंतच झोपतो. बोर्डावर कोणी नाही, असा एक क्षणही नसावा.

झोपलेल्याला मिशी काढायची परंपरा मात्र अखंड आहे. मेकअपवाल्याची काळी पेन्सिल, झिंकची पांढरी पावडर, गालावर लाली. पोरगा सकाळी तसाच चहाच्या टपरीवर जातो, टपरीवाला काही बोलत नाही, कारण त्यालाही ठाऊक असतं. ही चेष्टा गाडीत परतताना करावी, खेळ चालू असताना नाही. अर्धवट झोपेत धरलेला माणूस हात झटकतो आणि विंगेत हात झटकायला जागा नसते. डोळ्यांजवळ रंग लावायचा नाही. उतरवायला खोबरेल तेल, नंतर कोमट पाणी. ज्यानं मिशी काढली त्यानंच तेल द्यायचं.

पायरी ९: हंगामाचा शेवटचा प्रयोग

होळीच्या आसपासच्या शेवटच्या खेळात तिसऱ्या घंटेचा नियम थोडा सैल होतो. नटांनाही अपेक्षा असते. दारूचा पेला म्हणून रोज काळा चहा असतो, त्या दिवशी त्यात मीठ पडतं. सासूच्या हातातल्या पिशवीत रोज कापूस, त्या दिवशी दोन विटा. नायक प्रेयसीचं पत्र उघडतो तर आत किराण्याची यादी, आणि त्याला तीच यादी विरहाच्या आवाजात वाचावी लागते.

पण पत्राचा मजकूर ज्याला पाठ आहे त्याच्याशीच हा खेळ खेळायचा. जो कागद पाहूनच वाचतो त्याला किराण्याची यादी देणं म्हणजे गावानं तिकिटाला दिलेले पैसे बुडवणं. प्रॉम्प्टरला आधी सांगायचं, त्यानं नाही म्हटलं तर नाही. विटा भारी असल्या तरी अंगावर फेकायच्या प्रसंगात नाहीत. मिठाऐवजी मिरची नाही, जुलाबाचं काही नाही. नटाला पुढचे दोन अंक उभं राहायचं असतं. त्या गावानं वर्षभर वाट पाहिलेली असते, त्यांच्यासाठी हा शेवटचा नव्हे, एकुलता एक प्रयोग आहे.

पायरी १०: पुढच्या दिवाळीला

आता तुमच्या हाताखाली नवा पोट्टा येईल आणि त्याला पाठवायची जबाबदारी तुमची. एको आता चालत नाही, पोरं मोबाइलवर शोधून येतात. नवं काहीतरी काढा. उजेडातलं, कोरड्या जागेवरचं, गाडी सुटायच्या आधी संपणारं असावं, आणि त्यातून सामानातली एखादी गोष्ट त्याला कळावी. त्याला जेवायला उशीर होणार असेल तर त्याचं ताट बाजूला काढून ठेवा.

शेवटच्या रात्री केबल मोजून गाडीत चढवा, किती मीटर नेली नि किती आणली ते वहीत लिहा, माइकच्या क्लिपा मोजा, खुंट उपटून घ्या. बांधीत राहिलेला खुंट पुढं नांगरात अडकतो आणि शेतकरी पुढच्या वर्षी जागा देत नाही. हिशेब गाडी सुटण्याआधी उस्तादासमोर करा. खर्ऱ्याची उधारी त्यातच मांडा.